अर्धा कोयता

आईची पहिली आठवण कोणती, असं कुणी विचारलं तर वनमाला खरं सांगत नाही. चुलीपुढं भाकरी थापणारी आई वगैरे काहीतरी सांगून मोकळी होते. खरी आठवण आहे रिकाम्या अंथरुणाची. आईच्या कुशीत झोपायचं आणि उठून बघावं तर शेजारी नुसती वाकळ. पाटोद्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून उसाला जाणारे लोक लेकरं झोपेत असतानाच निघतात. जागं लेकरू गाडीमागं पळतं, मग आईचा पाय निघत नाही. म्हणून छबुबाई दरवर्षी दिवाळीनंतर एका पहाटे उठायची, निजलेल्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवायची आणि जायची. हात फिरवायची, हे वनमालेला चुलतीनं सांगितलेलं. तिला स्वतःला तो हात एकदाही कळला नाही, आणि त्याचा राग बावीस वर्षांची झाली तरी तिच्या मनातून गेलेला नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास कारखाने बंद व्हायचे आणि आई परत यायची. उन्हानं रापलेली, हाताला पाचटाच्या चिरा पडलेली. लेक दोन दिवस ओळख दाखवायची नाही. तिसऱ्या दिवशी गळ्यात पडायची. मग उन्हाळाभर आईचा पदर सोडायची नाही, आणि पुन्हा दिवाळी यायची. इतर पोरी किल्ले करायच्या, फराळाची ताटं घेऊन घरोघर फिरायच्या. ही मात्र आईनं कोयता धार लावायला काढलाय का, ते बघत बसायची.

आता इथं कोयत्याबद्दल सांगायला हवं. उसाच्या धंद्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. टोळीत वीस कोयते आहेत म्हणजे चाळीस माणसं. जोडीतलं एक माणूस गेलं की राहिलेलं अर्धा कोयता. वनमालेचा बाप राधाकिशन नऊ वर्षांपूर्वी उसाच्या फडातच छातीत कळ येऊन गेला, आणि छबुबाई अर्धी झाली. वाडीतली विमलबाई तिच्या आधीच अर्धी झालेली. टोळी नेणाऱ्या मुकादम सुंदररावानं दोघींना एकत्र घातलं, दोन अर्ध्यांचा एक पुरा कोयता केला, आणि त्या दोघींनी असा ऊस तोडला की नवरेवाल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायला लागल्या.

सुंदरराव काही देवमाणूस नव्हता. टोळीला राबवताना जीव काढायचा. पण एक रीत त्यानं बापाच्या काळापासून पाळली होती. निघायच्या आधी मारुतीच्या पारावर उभा राहून तो वहीतली नावं मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं नाव त्यानं "हाय" म्हणायचं. ज्याला न्यायचं नाही त्याच्या घरी तो त्याआधीच स्वतः जायचा, घोंगडीवर बसायचा, चहा प्यायचा आणि तोंडावर सांगायचा, की औंदा जमत नाही. त्या चहाची सगळ्या वाडीला धास्ती होती. दसऱ्यानंतर मुकादम कुणाच्या दाराकडं वळला की त्या घरातली बाई चहाचं आधण ठेवता ठेवताच डोळे पुसायची. पण सांगायला माणूस यायचं. तिला विचारता यायचं, भांडता यायचं, आणि एखादे वेळी त्या भांडणानं नाव परत वहीत चढायचंही.

वनमाला शिकली. आधी शाळेच्या हंगामी वसतिगृहात, मग पाटोद्यात, मग बीडच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला त्यांना शिवांजली मॅडम होत्या. तेलगावच्या कापड दुकानदाराची मुलगी, बोलणं मऊ, पण काम परत करताना हात कचरायचा नाही. त्यांच्या विषयाचं नाव होतं 'एआयच्या काळातलं नैतिक नेतृत्व'. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला झोपेचा तास ठरवून टाकलं. मॅडमची एकच अट होती. प्रत्येक प्रकल्प अहवालाच्या शेवटच्या पानावर एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं: तुमच्या यंत्रानं एखाद्याला 'नाही' म्हटलं, तर ते सांगायला त्याच्या दारात कोण जाणार?

एका गटानं लिहिलं, "ग्राहक सेवा विभाग." मॅडमनी अहवाल परत दिला.

"मला विभाग नको. माणसाचं नाव हवं. आडनावासकट."

वनमालेच्या गटात ती आणि श्रीशैल. श्रीशैलच्या घरी तेलगावात किराणा-भुसाराचं मोठं दुकान, आणि डोकं यंत्रात पक्कं चालणारं. त्यांनी प्रकल्प घेतला मुकादमांचा. सुंदररावासह चार मुकादमांच्या दहा वर्षांच्या वह्यांचे फोटो काढायचे, यंत्राकडून ते अक्षर वाचून घ्यायचं, आणि कोणता कोयता हंगाम पुरा करील, किती ऊस तोडील, याचा अंदाज बांधून मुकादमाला यादी काढून द्यायची. मॅडमनी सांगितलं होतं, की नावं झाका, जात-गाव दिसू देऊ नका, आकडे वापरा. त्यांनी नावं झाकली. माणसागणिक एक आकडा. शेवटच्या पानावर वनमालेनं स्वतःचं नाव लिहिलं, कारण गटाची प्रमुख ती होती आणि जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं.

एका दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये दोघं यादी साफ करत बसले होते. प्रत्येक कोयत्यापुढं दोन रकाने, पहिला माणूस आणि दुसरा माणूस. त्रेचाळीस ठिकाणी दुसरा रकाना रिकामा.

"अक्षर वाचता आलेलं न्हाई वाटतं," श्रीशैल म्हणाला.

"अपूर्ण नोंदी आहेत. काढून टाकू," वनमाला म्हणाली, आणि तिनंच त्या काढल्या. मग दोघं कँटीनला पोहे खायला गेले.

सुंदररावानं वहीत 'अर्धा' असा शब्द कधीच लिहिला नव्हता. दोन अर्ध्या एकत्र घातल्या तरी वहीत त्यांच्या ओळी वेगळ्याच; पुढची जागा मोकळी सोडली की झालं, अख्ख्या वाडीला कळायचं. कॉलेजात कुणाला ते कळायला हवं होतं, तर ते वनमालेला. पण ती त्या वाडीतून बाहेर पडायसाठीच इतकी शिकली होती, आणि त्या दुपारी ती एमबीएची विद्यार्थिनी म्हणून बघत होती, छबुबाईची लेक म्हणून नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. त्या वर्षी पारावर नावं वाचली गेली नाहीत. वनमाला-श्रीशैलच्या यंत्रानं काढलेली यादी मुकादमानं मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकली होती. छबुबाईला अक्षर जेमतेम लागायचं.

"बघू का तुझं नाव?" वनमालेनं विचारलं.

"त्यात काय बघायचं? मुकादम चहाला आला न्हाई, म्हंजी नाव हाय." छबुबाईनं गोधड्या बांधल्या, तवा बांधला, कोयत्याला धार लावली.

आणि वनमाला उठली तेव्हा शेजारी नुसती वाकळ होती. बावीस वर्षांची बाई, पण तिनं लहानपणीसारखीच ती वाकळ चाचपली. आई या वेळीही न उठवता गेली. वनमालेनं उठून दार उघडलं. बाहेर ओट्यावर गाठोड्याला टेकून आई बसली होती.

"गेली न्हाईस?"

"नेलं न्हाई," छबुबाई म्हणाली. "मुकादम म्हणला, वहिनी, मशीननं तुमचं नाव दिलं न्हाई. मी काय करू? विमलबाईला बी तसंच. माझ्याकडं बघत बी नव्हता. टॅक्टरच्या चाकाकडं बघून बोलत होता."

का नाही दिलं, असं तिनं विचारलंच नव्हतं. मशीनला काय विचारणार?

वनमालेला वाईट वाटलं, हे खरं. पण आई गाठोडं सोडून तवा पुन्हा चुलीवर ठेवायला लागली तेव्हा तिला जे वाटलं, ते सांगायला तिला आजही लाज वाटते. तिला आनंद झाला. असा आनंद, की तिला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. हिवाळ्यात आई घरी! लहानपणी मारुतीला जे मागून मागून ती थकली होती ते इतक्या उशिरा, असं न मागता, दारात येऊन बसलं होतं.

मग शनिवारची बीड-पाटोदा एसटी तिला गोड लागायला लागली. फाट्यावर उतरून चालत यायचं. लांबून घराच्या धुरावरूनच कळायचं, की आई आहे. आत गरम भाकरी, ठेचा, आणि आईचा आवाज, "आलीस का गं बाई." वनमाला आईच्या मांडीवर डोकं ठेवायची. छबुबाई तिच्या केसांत तेल घालायची. आठव्या वर्षी जे हवं होतं ते वनमाला बाविसाव्या वर्षी हपापल्यागत घेत होती.

पण आईचे हात केसांत आणि लक्ष रस्त्याकडं. ती पहाटे उठून डोक्याला फडकं बांधायची आणि मग आठवण येऊन सोडायची. दुपारी टोळीतल्या बायकांना फोन लावायची. "कोप्या कुठं टाकल्या औंदा? चिंचेजवळ का? हिरीला पाणी हाय का?"

"तिथं काय ठेवलंय गं?" वनमालेनं एकदा चिडून विचारलं. "मर मर मरायचं. थंडीत, पाचटाच्या कोपीत."

"तुझा बाप हाय तिथं," छबुबाई म्हणाली. "त्या चिंचेपलीकडंच जाळला त्याला. दर पौषात तिथी येती. मी आन विमल तोडणी आवरून जातो, नारळ फोडतो, उगं जरा बसतो. नऊ वर्सं झाली, चुकलं न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "इथं त्याचं काईच न्हाई बघ. फोटो हाय तेवढा."



कॉलेजात मॅडमनी नवं काम दिलं. "तुमच्या यंत्रानं नाकारलेल्यांतला एक जण घ्या. त्याचं पुढं काय झालं, शोधून या." वनमालेनं झाकलेली नावं उघडली. काढून टाकलेल्या त्रेचाळीस नोंदी वर आणल्या. एकशे अठरा नंबर: छबुबाई राधाकिशन. एकशे एकोणीस: विमलबाई. खालच्या प्रत्येक नावावर तिची नजर गेली. सगळ्या बाया. रांडाव झालेल्या, टाकून दिलेल्या, एक तर नवरा तुरुंगात असलेली. यंत्रानं त्यांना तोलून नाकारलं नव्हतं. त्या यंत्रापुढं गेल्याच नव्हत्या. वनमालेनंच त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं.

श्रीशैलला दाखवलं. त्यानं यादी दोनदा वर-खाली करून बघितली. "पुढच्या वर्षी दुरुस्त करू ना. आता महिन्याभरात सादरीकरण हाय, आपलं यंत्र घ्यायला कंपनीचे लोक येणारेत. आन खरं सांग, तुझी आई घरी हाय, ते बरंच झालं की. त्या कामात काय सुख हाय का?"

तो दुष्ट नव्हता. तिच्या मनातलंच बोलत होता. म्हणून तर वनमाला गप्प बसली. एक शनिवार गेला, दुसरा गेला. भीतीनं गप्प बसली असती तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. ती गप्प बसली ती आईच्या मांडीसाठी.

तिसऱ्या शनिवारी ती आली तेव्हा घर उघडं होतं, पण आई नव्हती. ती परसात सापडली. शेजाऱ्याच्या ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकावर एक बांधून छबुबाईनं मोठी मोळी केली होती, आणि ती डोक्यावर घेऊन मागच्या दारच्या पायऱ्या चढत-उतरत होती. घामानं निथळत होती.

"काय करतीस हे?"

छबुबाई चोरी पकडल्यागत थांबली. मोळी खाली टाकली. "बघत होते. उचलतंय का अजून." मग हळूच म्हणाली, "माझा उजवा गुडगा दोन सालापासून दुखतो. मी कुणाला सांगितलं न्हाई. मुकादमाला न्हाई, विमलला बी न्हाई. पर मशीनला कळलं बघ. लई हुशार असतंय म्हणतेत. विमल बी म्हणली, आपण संपलो छबू, मशीनला दिसलं ते."

वनमाला तिथंच कडब्यावर बसली. इतके दिवस आई घरात बसून काय समजत होती, ते तिला आत्ता कळलं. आत जाऊन तिनं चहा ठेवला. दोन कप भरले, ओट्यावर घोंगडी टाकली, आईला समोर बसवलं आणि सुंदरराव सांगायचा तसं तोंडावर सांगितलं. रिकामा रकाना. त्रेचाळीस नोंदी. कँटीनचे पोहे. आणि दोन शनिवार गप्प बसले, तेही.

छबुबाई ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"म्हंजी माझ्या गुडग्याचं न्हाई कळलं त्याला?"

"न्हाई आई. त्याला तू हायेस हेच कळलं न्हाई."

छबुबाईनं गुडघ्यावरून हात फिरवला. तिचा चेहरा मोकळा झाला, तसा वनमालेनं तीन शनिवारांत पाहिला नव्हता. शिव्या देईल, रडेल, असं तिला वाटलं होतं. छबुबाईनं गार चहा एका घोटात संपवला आणि विचारलं, "बाकीच्या बायांला सांगितलं का?"

सोमवारी वनमाला मॅडमसमोर उभी राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं शेवटचं, सगळ्यांत अवघड ते विचारलं. "मॅडम, ती गेली नाही तर तिच्यासाठी चांगलंच आहे ना? मी तिला परत त्याच कामाला का पाठवू?"

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. "तिनं जावं की राहावं, हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. तू नोकरीला लाग, तिला सांग, विनव, भांड. पण तिच्या नकळत तिचं नाव गाळून नाही." मग त्यांनी ड्रॉवरमधून अहवाल काढला आणि शेवटचं पान तिच्यापुढं ठेवलं. तिथं तिचंच अक्षर होतं, आडनावासकट.

कंपनीचे लोक आले तेव्हा पडद्यावर सगळ्यांत आधी चूक दाखवली गेली. ती श्रीशैलनं दाखवली, कुणी न सांगता, आणि मान खाली घालून का होईना पण पूर्ण. कंपनीनं करार पुढं ढकलला. पोरांनी हळहळ केली. वनमाला तोवर एसटीत होती. त्रेचाळिसांतल्या बारा जणी या हंगामात जायला निघालेल्या होत्या, चार गावांत. ती बारा दारांत गेली, आणि जिथं मिळाला तिथं चहा प्याली. एकीनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, बाहेर उभं करून तोंडाला येईल ते बोलली. वनमालेनं ऐकून घेतलं. विमलबाई हसली, मग रडली, मग म्हणाली, "शिकून आमालाच इसरलीस व्हय गं?" बाराव्या दाराला कुलूप होतं. ती बाई पोराला घेऊन पुण्याकडं बांधकामावर गेली होती आणि फोन लागत नव्हता. मॅडमनी सांगितलं, ते तसंच लिही, खाली काही जोडू नकोस.

सुंदररावाच्या टोळीतले तीन कोयते तोवर पळून गेले होते. माणसं न्यायला तो पिकअप घेऊन आला तेव्हा पहाट फुटत होती. पारावर सहा बायका गाठोडी घेऊन उभ्या होत्या. त्याला घाई होती, पण वनमाला सहाजणींची नावं लिहिलेली वही घेऊन पुढं झाली.

"मुकादम, नावं वाचा."

"आता कशाला, पोरी? समोरच हायेत की."

"वाचा तुमी."

सुंदररावानं वही घेतली. चष्मा लावला. विमलबाईचं नाव वाचलं. विमलबाई "हाय" म्हणाली, सगळ्या पाराला ऐकू जाईल अशी. आणखी चौघींची नावं झाली.

"छबुबाई राधाकिशन."

छबुबाई बोलली नाही. गाठोडं काखेत घेऊन ती लेकीकडं बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत जे तिनं कधी विचारलं नव्हतं, झोपलेल्या पोरीला विचारता येत नाही म्हणून राहून गेलेलं, ते 'जाऊ का?' ती आता डोळ्यांनी विचारत होती. वनमालेच्या ओठांवर 'नको जाऊ' आलं होतं. आठ वर्षांच्या वनमालेचं, दहा वर्षांच्या, चौदा वर्षांच्या, सगळ्यांचं एकदम. घरी चूल अजून गरम होती. तिनं म्हटलं असतं तर आई थांबली असती, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"छबुबाई राधाकिशन," सुंदररावानं पुन्हा वाचलं.

"हाय," वनमाला म्हणाली.

छबुबाईनं जवळ येऊन लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. खरखरीत, चिरा पडलेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग ती पिकअपमध्ये चढली, विमलबाईशेजारी बसली, आणि गाडी फाट्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वनमाला पारावर उभी होती. या वेळी ती जागी होती.